इस्माइलभाई आणि चौथी फाइल

इस्माइलभाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलेली प्रत्येक सूचना मोठ्याने वाचत. चष्मा कपाळावर ढकलायचा, उजव्या हाताचं बोट अक्षरांखालून सरकवायचं आणि एकेक इंग्रजी शब्द सुटा करून वाचायचा. आम्हा बाकीच्यांचं तसं नव्हतं. पडद्यावर चौकट उगवली रे उगवली की आमचा हात ‘ओके’वर. त्यात काय लिहिलंय याच्याशी आम्हाला कर्तव्य नसे, चौकट गेली म्हणजे झालं. इस्माइलभाईंना याचा भयंकर राग येई. “ओके म्हनजे का? ‘मले समजलं.’ तुले समजलं का? नाई न? मंग दाबलं काऊन?” असं ते माझ्यावर खेकसत, आणि मग स्वतःच्या वहीत ती सूचना जशीच्या तशी उतरवून काढत. अक्षर असं की वाटावं छापलंय.

ते अक्षर घराण्यातून आलं होतं. त्यांचे वडील चंद्रपूरच्या बाजारात भांड्यांवर नावं घालून देत. आमच्या भागातल्या जुन्या घरांमधल्या निम्म्या तांब्या-परातींवर त्यांच्या हातची अक्षरं असतील. इस्माइलभाईंनी तोच हात कोळशाच्या खाणीत आणला. चंद्रपूरजवळच्या आमच्या भूमिगत खाणीत ते सर्व्हे ऑफिसचे ड्राफ्ट्समन होते. जमिनीखाली कोळसा कुठवर कापला, गॅलरी, म्हणजे कोळशातला बोगदा, कुठे वळली, हे आम्ही मोजून आणायचं आणि त्यांनी कापडी नकाशावर काळ्या शाईने चढवायचं. पंचवीस वर्षं त्यांनी हे केलं. मग दोन हजार सालाच्या आसपास ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं काम संपलं. झालं उलटंच. नागपूरहून प्रोग्राम लिहायला जो माणूस येई, त्याच्या शेजारी स्टूल टाकून इस्माइलभाई दोन वर्षं बसले आणि पन्नाशी उलटल्यावर त्या यंत्राचे डॉक्टर झाले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, गोंडपिपरीकडच्या धानवाल्या घरातला, सर्व्हेचा डिप्लोमा घेऊन नुकताच असिस्टंट सर्व्हेअर झालेला. शिवाय चंद्रपुरात तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला. त्या कोर्सचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून खोलीत लावलं होतं, यावरून माझी तेव्हाची मिजास ओळखावी.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं खोडरबर जप्त केलं. खाणीतून मापं लिहून आणलेल्या वहीत मी एक आकडा खोडून दुसरा लिहिला होता. त्यांनी वही उजेडात धरली, पुसट डाग पाहिला आणि म्हणाले, “पुसाचं नाई कदी. एक बारीक रेघ मार, खालचं वाचता आलं पायजे. बाजूनं बरोबर लिही, सही कर. काऊन का, चुकीचा आकडा बी खरा असते. तू तो लिहिला होता, हे त खरंच हाय न?” माणसांसमोर ते मला ‘साहेब’ म्हणत, कारण हुद्द्याने मी वर होतो. दार लागलं की मी ‘मोरेश्वर’ आणि ‘तू’.

आता थोडं खाणीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खाणीच्या पूर्वेला, कोळशाच्या त्याच थरात, एक जुनी खाण होती. कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेली. तिच्यात पावसाळ्यामागून पावसाळ्याचं पाणी साचून ती काठोकाठ भरली होती. आमची एक गॅलरी हळूहळू तिच्या दिशेने जात होती. जिथे कोळसा कापतात त्या टोकाला फेस म्हणतात. फेस आणि ते पाणी यांच्यात कमीत कमी साठ मीटर कोळसा शाबूत ठेवायचा, असा नियम. त्याच्या आत आलो तर काम थांबवायचं आणि लांब भोक पाडून पुढे पाणी आहे का ते आधी पाहायचं. दर पंधरवड्याला हे अंतर मोजून, नकाशा छापून, त्यावर सर्व्हेअरची सही झाली तरच पुढचा सुरुंगाचा बार उडवायचा.

जुन्या खाणीचा नकाशा जुन्या मापांवर काढलेला, आमचा नव्या. दोन्ही एकमेकांवर नीट बसवण्याचं काम प्रोग्रामसोबतची एक छोटी फाइल करायची. नागपूरवाल्याने तिला ‘जोड’ असं साधं नाव दिलं होतं. सुरुवातीच्या ‘जोड’मध्ये चूक होती, ती त्याने नंतर दुरुस्त केली. हे इस्माइलभाईंना ठाऊक होतं. मलाही त्यांनी एकदा सांगितलं होतं, पण मी ऐकल्यासारखं केलं होतं.

त्यांची आणखी एक खोड होती. प्रोग्राम उघडला की कामाला हात घालण्याआधी ते पडद्यावर दोन ठिकाणी टिचकी मारत. एक जुन्या खाणीच्या शाफ्टवर, म्हणजे खाली जाणाऱ्या उभ्या विहिरीवर, आणि एक आमच्या खाणीच्या तोंडावर. या दोन्हींमधलं अंतर त्यांनी तरुणपणी जमिनीवरून साखळीने स्वतः मोजलेलं होतं, चारशे बारा मीटर. पडद्यावर चारशे बारा आलं की मान हलवून कामाला लागायचं. “मशीन चालू झाली न बरोबर झाली, ह्या दोन अलग गोष्टी हायेत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते म्हातारपणाचं सोवळंओवळं वाटे.

त्या पावसाळ्यात वीज पडली आणि ऑफिसचा कॉम्प्युटर जळाला. नकाशे सीडीवर होते म्हणून वाचले. नवा कॉम्प्युटर यायला चार दिवस लागले आणि तेवढे दिवस पूर्वेचा फेस थांबून राहिला. आमचे मुख्य सर्व्हेअर मुलीच्या लग्नासाठी रजेवर, त्यामुळे सहीचा अधिकार माझ्याकडे. मॅनेजरसाहेब तासातासाला ऑफिसात डोकावत होते. शुक्रवारी सकाळी यंत्र टेबलावर लागलं. इस्माइलभाईंनी प्रोग्राम चढवला, उघडायला गेले, तर चौकट आली, अमुक फाइल सापडत नाही. त्यांनी ती मोठ्याने वाचली, वहीत लिहिली, सीडीवरून ती फाइल शोधून दिली. पुन्हा उघडला. आता दुसरी फाइल नव्हती. तीही दिली. मग तिसरी.

“हे का लावलंय?” मी वैतागलो. “जुन्यावर तर एका टिचकीत उघडायचं.”

“जुन्यावर समदं आधीच येऊन बसलं होतं, म्हनून तुले दिसलं नाई. हा प्रोग्राम एकटा काईच करत नाई. त्याच्या मागं दहा जन काम करून राह्यले. नवीन मशीनवर त्यातलं कोनी आलं नाई, म्हनून तो एकेकाले हाका मारून राह्यला.”

बारा वाजता चौथी चौकट आली. या वेळी ‘जोड’ नव्हती. ती मात्र नागपूरवाल्याची स्वतःची, कुठल्या सीडीवर मिळणारी नव्हे. दुरुस्त केलेली ‘जोड’ इस्माइलभाईंनी एका फ्लॉपीवर घेऊन घरी कपाटात ठेवली होती. त्यांनी वही मिटली. “जुम्मा हाय. नमाज पढतो, घरून फ्लॉपी घेतो न अडीच वाजेवरी येतो. तोवर हात लावू नोको.” मी मान हलवली. ते सायकल काढून चंद्रपूरकडे गेले.

एक वाजता मॅनेजरसाहेब आले. “मोरेश्वर, एका फाइलीसाठी फेस थांबलाय हे मी वर काय तोंडाने सांगू? तुम्ही कोर्स केलाय ना?” बस्स. इतकं मला पुरलं. मी सगळ्या खात्यांमधून फिरलो आणि हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये मला ‘जोड’ सापडली. तेच नाव, तीच चारदोन अक्षरं. फ्लॉपीवर घेतली, आणून नव्या यंत्रात टाकली, आणि प्रोग्राम झटक्यात उघडला. साहेबांनी पाठ थोपटली. खरं सांगतो, मला त्या क्षणी इस्माइलभाईंची गंमत वाटली. एवढ्यासाठी म्हातारा उन्हात चार मैल सायकल हाणतोय!

फेसपासून जुन्या खाणीचं अंतर अठ्ठ्याऐंशी मीटर आलं. साठच्या किती वर! पंधरवड्यापूर्वी ते सत्तर होतं. म्हणजे फेस पाण्याच्या दिशेने पुढे गेला होता आणि अंतर वाढलं होतं. शेंबड्या पोरालाही हे खटकलं असतं. मलाही खटकलं, नाही असं नाही. पण साहेब मागे उभे होते, आणि मी स्वतःची समजूत घातली की मधे गॅलरी जरा वळवली होती, त्याने झालं असेल. नकाशा छापला. खाली सही केली, चांगली लफ्फेदार.

कागद न्यायला देवराव आला होता. तो फेसवरचा सरदार, म्हणजे तिथल्या माणसांचा मुखिया आणि बार भरणारा. त्याच्या हाताखाली आठ माणसं. चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने कागदावरची सही पाहिली, घडी करून खिशात ठेवला, “येतो जी साहेब,” म्हणाला आणि खाली गेला.

इस्माइलभाई अडीचला आले. शर्ट घामाने चिकटलेला, हातात रुमालात बांधलेली फ्लॉपी. पडद्यावर नकाशा उघडा पाहून दारातच थांबले.

“कोनं चालू केला?”

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, शाफ्टवर टिचकी मारली, खाणीच्या तोंडावर टिचकी मारली. चारशे एक्कावन्न. चष्मा पुसून पुन्हा मारली. चारशे एक्कावन्न.

“सही झाली का?”

“झाली.”

“कागद कुठी हाय?”

“देवराव घेऊन गेला. दीड वाजता.”

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागाचा लवलेशही नव्हता त्यावर, आणि तेच मला जास्त भिववून गेलं. “एकोनचाळीस मीटरचा फरक हाय, मोरेश्वर. अठ्ठ्याऐंशी नाई, एकोनपन्नास. ते पान्याजवळ हायेत.” बोलता बोलता त्यांनी फोन उचलून खाणीच्या तळाशी लावला होता. घंटी वाजत होती. कोणी उचलत नव्हतं, कारण फोन उताराच्या पायथ्याशी आणि माणसं तिथून पाऊण किलोमीटर आत. त्यांचा गुडघा दुखरा, सायकल कशीबशी चाले, पण तो उतार धावत उतरणं त्यांना शक्य नव्हतं. “मी वाजवत रायतो. साहेबाले बी सांगतो. तू पय!”

मी पळालो. दिवा डोक्याला लावला, पट्टा कमरेला धड बसतोय का तेही पाहिलं नाही. उतारावर रुळांच्या कडेने पायऱ्या आहेत, पावसाचं पाणी झिरपून निसरड्या झालेल्या. दोनदा पडलो. तळाशी पोहोचलो तर तो फोन अजून वाजत होता. त्या ओल्या काळोखात, कोणी नसताना, तो नुसता वाजतच होता. तो उचलून ‘पोहोचलो’ म्हणावं इतकीही उसंत घेतली नाही. घंटी पाठीमागे लहान होत गेली आणि मग माझ्याच बुटांचा आवाज तेवढा राहिला.

अर्ध्या वाटेवर कुठेतरी ‘धप्प’ झालं. पायाखालची जमीन हलकीशी थरारली. मी भिंतीला टेकून खाली बसलो. संपलं, असं वाटलं. आठ अधिक एक, नऊ माणसं. मी कान देऊन पाण्याचा आवाज येतो का ऐकत राहिलो. आला नाही. मग डोक्यात उजेड पडला की आवाज पाठीमागून आला होता, पश्चिमेच्या दुसऱ्या फेसवरून. तिथे बार उडाला होता. उठलो आणि पुन्हा पळालो. त्या पळण्यात मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

देवराव फेससमोर उकिडवा बसला होता. कोळशाच्या भिंतीत भोकं पाडून तयार होती, काडतुसांची पेटी उघडी होती, आणि पहिलं काडतूस त्याने भोकाच्या तोंडाशी धरलं होतं.

“देवराव, थांबा! भरू नोका!”

सगळे दिवे माझ्याकडे वळले. डोळे दिपले, मला कोणाचा चेहरा दिसेना.

“का झालं जी?”

“बार भरू नोका. समदे जन बाहेर चला.”

“कागद त मी आताच आनला. तुमचीच सही हाय न जी?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मशीन बिघडली, वरून हुकूम आला, काहीही. पण श्वास इतका लागला होता की लांबलचक खोटं जुळवणं जमलं नाही. “माहीच हाय,” मी म्हणालो. “मीच चुकलो. पानी जवळ हाय.”

देवरावने भोकाच्या तोंडाशी धरलेला हात मागे घेतला. काडतूस पेटीत ठेवलं, झाकण लावलं, कडी घातली. मग उजवा हात पसरून त्या काळ्या भिंतीवर क्षणभर टेकवला. माणसांना म्हणाला, “चला बापा,” आणि सगळ्यांना पुढे घालून स्वतः शेवटी चालत आला. 

शनिवारी फेसमध्ये लांब भोक पाडलं. भोकाच्या तोंडाला आधीच नळ बसवलेला होता, म्हणून बरं. एकोणपन्नास मीटर अंतर आहे असं नकाशा सांगत होता, पण नवव्या मीटरलाच पाणी आलं. जुन्या काळच्या लोकांनी नकाशात न दाखवता पुढेपर्यंत कोळसा काढून नेला होता. काळं, कुजकट वासाचं पाणी आमच्या कमरेवर आदळलं. तीन माणसांनी मिळून नळ बंद केला. नऊ मीटर. एका बारात दीड मीटर कोळसा निघतो, आणि दिवसाला एक बार. देवराव माझ्या बाजूला उभा होता. त्याने बोटांवर मोजलं आणि स्वतःशीच म्हणाला, “काल नसतं झालं. बुधवारी झालं असतं.”

मॅनेजरसाहेब सोमवारी ऑफिसात आले तेव्हा फार मवाळ होते. माणसं वाचली, पाणी सापडलं, वर उलट शाबासकीच मिळेल. तो शुक्रवारचा कागद तेवढा फाडून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं. मी इस्माइलभाईंकडे पाहिलं. कागद देवरावने आणून त्यांच्याकडे दिला होता. त्यांनी तो टेबलावर सरळ केला, माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. मी माझ्या लफ्फेदार सहीवर एक बारीक रेघ मारली, बाजूला तारीख घातली, ‘अंतर चुकीचे, फाइल जुनी’ असं लिहिलं. साहेब उठून गेले.

पुढे चौकशी झाली. इस्माइलभाईंनी आपला जबाब माझ्याआधी लिहून दिला. त्यात होतं की टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुनी ‘जोड’ दोन वर्षांपूर्वी त्यांनीच तपासणीसाठी ठेवली होती आणि काढायची राहिली. “अर्धी चूक माही हाय,” ते मला म्हणाले, “मी ते तिथं ठेवली नसती त तुले भेटली नसती.” मला कळत होतं की हे अर्धं नाही, फार तर आणा-दोन आणे आहे. पण मी गप्प बसलो. दोघांनाही मेमो मिळाला. माझ्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं, मला फार लागला नाही. त्यांची मात्र निवृत्तीआधीची शेवटची बढती गेली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. आजही ती गोष्ट आठवली की मला माझी लाज वाटते.

पण चौकशीच्या आधी, त्याच मंगळवारी, त्यांनी मला नव्या यंत्रासमोर बसवलं. प्रोग्राम पूर्ण काढून टाकायला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायला. “वाच,” ते म्हणाले. मी वाचलं, मोठ्याने, बोट फिरवत. पहिली फाइल, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी वहीत लिहिलं. चौथी त्यांच्या रुमालातल्या फ्लॉपीवरून. ऑफिसातली इतर माणसं हसत होती, हसोत. नकाशा उघडला. मी शाफ्टवर टिचकी मारली, तोंडावर टिचकी मारली. चारशे बारा. तरी माझी खात्री पटेना. तेव्हा ते कोपऱ्यातून साखळी घेऊन आले आणि भर पावसात आम्ही दोघांनी जमिनीवरून ते अंतर मोजलं. चिखलात त्यांचा गुडघा साथ देत नव्हता, पण साखळीचं टोक त्यांनी सोडलं नाही.

पूर्वेचा फेस कायमचा बंद झाला आणि देवरावची माणसं पश्चिमेला गेली. तिथल्या नकाशावर बुधवारी सकाळी मला सही करायची होती.  ही सही लफ्फेदार आली नाही. देवराव समोर उभा होता. त्याने कागद हातात घेतला, पण घडी केली नाही.

“साहेब, एक विचारू का? राग मानू नोका.” तो सहीकडे बघत होता. “ह्या सहीवर जाऊ का मी खाली?”

 शुक्रवारीसुद्धा मी त्याला ‘जा’ म्हणालोच होतो.  इस्माइलभाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खुंटीवरची खाणीत घालायची आपली टोपी काढली आणि माझी माझ्या हातात दिली. “साहेब येते तुमच्या संग,” ते देवरावला म्हणाले. “मी बी येतो. बार होईस्तोवर आमी तिथंच बसतो.” मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, साहेब वगैरे विसरून म्हणाले, “मोरेश्वर, सही केली का त्या कागदासंग आपून बी खाली उतराचं. वर बसून सही कराची नाई.”

त्या दिवशी उतार उतरायला त्यांना तास लागला. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. बार उडाला, धूर निवला, देवरावने छत ठोकून पाहिलं आणि मगच आम्ही निघालो. मुख्य सर्व्हेअर रजेवरून परतल्यावरही पश्चिमेच्या नकाशाची सही माझ्याकडेच राहिली. त्यानंतर वर्षभर, दर पंधरवड्याला, मी सही केली की इस्माइलभाई खुंटीवरची टोपी काढत आणि माझ्यासोबत खाली येत. मी खूप सांगून पाहिलं की आता मी एकटा जाईन. “तू जाशीन रे,” ते म्हणत, “पन देवराव जाईन का?” आणि पुढच्या पंधरवड्याला पुन्हा टोपी. मग ते निवृत्त झाले. मी एकटा उतरू लागलो आणि आजवर उतरतो आहे.

निवृत्तीनंतर सहाएक वर्षांनी ते गेले. चंद्रपूरच्या कब्रस्तानात आम्ही खाणीतले पंधरावीस जण होतो. देवरावही आला होता, तोही तोपर्यंत निवृत्त झालेला. माती द्यायला रांग लागली होती आणि आम्ही दोघं एकामागे एक उभे होतो. एवढ्या वर्षांत त्या शुक्रवारबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो.

“साहेब,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “ते वरीसभर मी जे खाली जाऊन राह्यलो होतो न, ते तुमच्या सहीवर नाई. म्हातारा संग येत होता म्हनून.”

“मले माहीत हाय, देवराव.”

“मंग ते रिटायर झाले. पयल्यांदा तुमी एकलेच आले. त्या दिवशी बायकोले सांगून निंगालो होतो जी. समदं सांगून. पोरीचे कागद कुठी हायेत, कोनाले बोलवाचं, समदं. पन गेलो.”

रांग पुढे सरकली. मी खाली वाकलो, तीन मुठी माती घेतली.